लॉबीतली ईद

मी जिथे बसते तिथून सगळं दिसतं. डावीकडे पोहायचा तलाव, उजवीकडे वाळू आणि समुद्र, समोर काचेपलीकडे लॉबी. मध्ये वेताचं छप्पर, माझा तवा आणि मी. पाहुणे येतात, मी लाटत असताना फोटो काढतात, पालक-चीज भरलेली गरम पोळी उचलतात आणि म्हणतात, किती छान, अगदी गावासारखं. गावासारखं म्हणे! गावात मी अशी चड्डीवाल्यांच्या मधोमध तवा मांडून बसले असते तर सासूने लाटण्यानेच बदडलं असतं.

आमचं अक्कुम हॉटेल म्हातारं झालंय, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको. लिफ्ट कुंथते. खोल्यांतले एसी दमेकऱ्यासारखे घरघरतात. न्हाणीघरातल्या फरशीचा तो हिरवा रंग आता दुकानात मागितला तर दुकानदार हसेल. पण दार उघडलं की पाय पाण्यात, आणि मागच्या बाजूने बाहेर पडलं की थेट बाजारात. अशी जागा आता अलान्यात काय, तुर्कस्तानच्या अख्ख्या किनाऱ्यावर मिळायची नाही, समुद्राच्या इतकं जवळ कुणाला बांधूच देत नाहीत. त्यामुळे लोक येतात, नाकं मुरडतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत येतात. खाणंपिणं सगळं भाड्यातच. एकदा मनगटावर हॉटेलचा पट्टा चढला की सकाळपासून तोंड चालू.

या हॉटेलच्या दारात वेहबीभाऊ उभे असायचे. हॉटेल उघडलं त्या उन्हाळ्यात ते सामान उचलायला लागले आणि म्हातारे होईपर्यंत त्याच दारात राहिले. उंच, वाकलेले, मिशी नेहमी कातरलेली. लॉबीतल्या खुर्चीवर त्यांना कधी कुणी बसलेलं पाहिलं नाही. आपलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या मागे पाणी ओततात, म्हणजे ते सुखरूप जातं आणि परत येतं. ही घरातली रीत. वेहबीभाऊंनी ती पाहुण्यांच्या बसमागे सुरू केली. काउंटरखाली एक तांब्याची झारी ठेवलेली असायची. बस सुटली की हे झारी घेऊन धावायचे आणि चाकांमागे पाणी ओतायचे. जर्मन लोकांना आधी वाटलं, हा माणूस बसवर चिडलाय. मग कुणीतरी समजावलं, आणि तेव्हापासून म्हाताऱ्या जर्मन बायका खिडकीतून डोळे पुसत जायच्या.

मी एकदा त्यांना म्हटलं, भाऊ, तुम्ही कितीही पाणी ओता, नवीन हॉटेलं झालीत, हे कुठले परत येतात. तर म्हणाले, फाटकाशी जो मागे वळून बघतो तो येतो. जो बघत नाही त्याच्यामागे समुद्र ओतला तरी उपयोग नाही. आणि त्यांचं खरं व्हायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या जिवाला तेव्हापासून खोड लागली, कुणीही निघालं की मान कुठे वळते ते बघायची.

मग ते निवृत्त झाले, आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यांची बायको मुझय्यन गेली. एकुलती मुलगी नीलगून लग्न होऊन जर्मनीत, तिथेच संसार, तिथेच दोन मुलं. वरच्या गल्लीतल्या घरात हे एकटे. अधूनमधून खाली यायचे, माझ्या तव्याशेजारी स्टुलावर बसायचे, चहा प्यायचे. माणूस बोलका नव्हताच. पण गेल्या ईदनंतर आले तेव्हा एक वाक्य बोलले. म्हणाले, "हमदिये, ताटली भरलेलीच राहिली."

मला पुढचं विचारावं लागलं नाही. रमजानची ईद म्हणजे साखरेची ईद. सकाळी नमाज झाली की म्हाताऱ्या माणसाने चांगले कपडे घालून घरात बसायचं. चॉकलेटं-गोळ्यांची ताटली समोर, लिंबाच्या वासाच्या कोलोनची बाटली शेजारी, दार लोटलेलं. मग लहानथोर येणार, हाताला ओठ लावून तो हात कपाळाला टेकवणार. म्हाताऱ्याने त्यांच्या तळहातावर कोलोन ओतायचं, गोळी द्यायची. आता लोक काय करतात? ईदची सुट्टी लागली की बॅगा भरून समुद्रावर पळतात. आमच्याकडेच येतात की! ज्यांच्या आईबापांच्या ताटल्या भरलेल्या राहतात, ते सगळे माझ्या तव्यासमोर रांगेत उभे असतात. वेहबीभाऊंच्या इमारतीत त्या दिवशी जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं. ते सुटाबुटात संध्याकाळपर्यंत बसले होते.

यंदा वसंतात मात्र ते माझ्याकडे आले ते चक्क घाईघाईने, आणि बसायच्या आधीच सांगायला लागले. नीलगूनचा फोन आला होता. ईदला ती नवऱ्याला आणि मुलांना घेऊन येणार, आणि घरात जागा कमी म्हणून सगळे अक्कुमवर राहणार. बाबा, तुम्हीसुद्धा, असं म्हणाली. मध्ये दार असलेल्या दोन खोल्या, एक त्यांची, एक तिची. ईदच्या सकाळी आपलं माणूस दारातून आत येईल आणि आपला हात कपाळाला लावील, एवढंच त्या माणसाला हवं होतं. दुसरं काही मागणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

ईदच्या आदल्या दिवशी ते मुझय्यनच्या कबरीवर जाऊन, तिथल्या गुलाबाला पाणी घालून हॉटेलवर आले. दारातला नवा माणूस बॅग घ्यायला पुढे झाला तर देईनात. दोघं एका बॅगेचे दोन पट्टे धरून उभे. शेवटी वेहबीभाऊंनीच स्वतःची बॅग वर नेली, आणि सवयीने समोरच्या पाहुण्या बाईचीसुद्धा. रिसेप्शनवरच्या मुलीने लाल पट्टा काढला. निघणाऱ्यांचे पट्टे त्यांनी आयुष्यभर कात्रीने कापलेले, पण स्वतःच्या मनगटावर कधी चढला नव्हता. रक्त तपासायला हात देतात तसा त्यांनी दिला, तोंड दुसरीकडे करून.

पाहुणा होणं त्यांना जमेचना. जेवणाच्या हॉलमध्ये एक वाटी सूप घेऊन कोपऱ्यात उभे राहायचे, कुणाची खुर्ची वाकडी दिसली की सरळ करायचे. एका बाईने टॉवेल कुठे मिळतात विचारलं, तर नुसतं सांगितलं नाही, जाऊन घेऊन आले. खोल्या झाडणाऱ्या फेरिदेने मला सांगितलं, मधलं दार त्यांनी सताड उघडं ठेवलंय आणि पलीकडच्या खोलीत नातवंडांच्या उशांवर खाऊची एकेक पुडी ठेवलीय. रात्रभर तो रिकाम्या खोलीतला एसीसुद्धा चालू होता. मुलांना आल्या आल्या गार लागावं म्हणून.

ईदच्या सकाळी नमाजहून आले ते निळ्या सुटात. जूनचं ऊन, मी तव्यापाशी घामाघूम, आणि हे गळ्यापर्यंत बटणं लावून. लॉबीत दारासमोरची खुर्ची निवडली. हॉटेलात आयुष्य काढलेला माणूस पहिल्यांदा तिथे बसला. मांडीवर ताटली, पायाशी कोलोनची बाटली, शेजारची खुर्ची नीलगूनसाठी राखलेली. विमान सकाळी उतरणार होतं.

एक लहान मुलगा पोहायला चालला होता, तो ताटली बघून थबकला. भाऊंनी त्याला गोळी दिली. त्याची आई अंकाराची, ती म्हणाली, अरे, आजोबांच्या हाताला ओठ लाव, ईद आहे ना. त्याने लावले. त्याचं बघून त्याची बहीण आली, मग शेजारच्या खोलीतली दोन, आणि बघता बघता रांग लागली. ओले, वाळू लागलेले, दंडात पोहायचे फुगे घातलेले. भाऊ प्रत्येकाला विचारत होते, कुणाचा रे तू, कुणाची गं तू, आणि मुलं आपापल्या बापाचं नाव सांगत होती. त्यांच्या तोंडावर असं काही आलं होतं की मीसुद्धा दोन पोळ्या करपवल्या.

आमचे मॅनेजर गोर्केमसाहेब इस्तंबूलहून नवीन आलेले. ते धावत आले. मला वाटलं, म्हाताऱ्याला उठवतात की काय. तर छे! त्यांना वाटलं, हे कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं भन्नाट काम आहे. पाच मिनिटांत खुर्चीवर लाल गादी आली, खाली गालिचा आला, गोळ्यांची पिशवी आली, आणि एक पाटी आली: ईदचे आजोबा. भोंग्यावर पुकारलं, रोज आइस्क्रीमच्या वेळेला लॉबीत ईदच्या आजोबांना भेटा. रशियन लोक फोटो काढू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तसेच पिठाचे हात घेऊन आत गेले आणि भाऊंच्या कानाशी म्हटलं, तुम्ही इथे पाहुणे आहात की पुन्हा नोकरीला लागलात? ते म्हणाले, असू दे गं, हात रिकामा नाही राहिला.

दुपारी मी त्यांच्यासाठी पोळी घेऊन गेले तेव्हाच फोन वाजला. कानांनी कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर. न ऐकायचं ठरवलं तरी ऐकू आलं. नीलगून उतरली होती. पण नवऱ्याच्या भावाने विमानतळाच्या बाजूच्या नव्या हॉटेलात सगळ्यांसाठी खोल्या घेतल्या होत्या, तिथे पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, आणि मुलं आता तिथून हलायला तयार नव्हती.

"बाबा, रागावू नका. अक्कुम जुनं झालंय हो. मुलांनी फोटो पाहिले."

"समुद्र तोच आहे," भाऊ म्हणाले.

"समुद्र इथेही आहे, बाबा. थोडा लांब आहे. उद्या येतो आम्ही, नक्की. तुम्ही मस्त खा, आराम करा."

फोन बंद झाला. त्यांनी मला सांगितलं, विमानाला उशीर झालाय. मी समोर उभी असताना! मी म्हटलं, होतो हो उशीर, सुट्टीत विमानं कुठे वेळेवर असतात. आणि पोळी ठेवून बाहेर आले, आणि कणकेवर असा राग काढला की ती पोळी पुठ्ठ्यासारखी झाली. एक ढेरपोट्या पाहुणा तीही आवडीने खाऊन गेला.

माझं सोडा. माझे दोघं मुलगे इझमिरला, ईदला फोन करतात, मला तवा सोडून फोन घ्यायला वेळ नसतो, आमचं बरोबरीत सुटतं. पण भाऊंनी जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीजवळचं मोठं टेबल मागून घेतलं होतं. जुने वाढपी, त्यांच्या शब्दाला मान देणारे. ऐन गर्दीत त्यांनी ते टेबल सकाळ, दुपार, संध्याकाळ राखलं, आणि थाळ्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही नीलगून आली नाही. मुलाच्या कानात पाणी गेलं, म्हणाली. त्या संध्याकाळी भाऊ स्वतः उठले, मांडलेले काटे-चमचे स्वतःच्या हाताने गोळा केले आणि कोन्याहून आलेल्या एका मोठ्या कुटुंबाला म्हणाले, या, बसा. हे मला वाढप्यांनी सांगितलं.

तिसरा दिवस, ईदचा शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्या सोडायच्या होत्या. भाऊ त्याच सुटात, त्याच खुर्चीवर, पण आता मान खाली. दुपारची आइस्क्रीमची वेळ, भोंगा वाजला, रांग लागली. ते कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हते. हात पुढे, कोलोन, गोळी, कुणाचा रे तू. उत्तर ऐकायलाही थांबत नव्हते.

फाटकातून एक टॅक्सी आत आली आणि इंजिन चालू ठेवूनच उभी राहिली. त्यातून एक बाई उतरली, पांढरा सैल झगा, केस ओले, पायात रबरी चपला. एकटीच. मी नीलगूनला तिच्या लग्नातच काय ते पाहिलं होतं, तरी चालण्यावरून ओळखलं, अगदी मुझय्यनची चाल. ती लॉबीत शिरली आणि पाटी वाचून जागीच थांबली. बापाला, गादीला, रांगेला बघत राहिली. मला वाटलं, आता हाक मारील. पण ती गेली आणि रांगेच्या शेवटी, एका आइस्क्रीम चाटणाऱ्या मुलाच्या मागे उभी राहिली.

मी लाटणं खाली ठेवलं आणि काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तवा जळो.

तिचा नंबर आला. तिने वाकून हात धरला, ओठ लावले, कपाळाला टेकवला. भाऊंनी खाली बघतच बाटली उचलली, तिच्या तळहातांवर कोलोन ओतलं आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

"तुमचीच, बाबा."

बाटली तशीच तिरपी राहिली. कोलोन तिच्या बोटांतून गालिच्यावर सांडलं. त्यांनी वर बघितलं, आणि पुन्हा खाली बघितलं, आणि घाईघाईने ताटलीतली सगळ्यात मोठी गोळी शोधायला लागले. तोवर तिच्यामागे आणखी मुलं जमली होती, त्यातली एक मुलगी कुरकुरली, मावशी, सरका ना, आमचा नंबर. मला वाटलं, आता तरी हा माणूस उठेल. तर ते काय म्हणाले असतील? शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, बस ना थोडी, एवढी रांग संपू दे.

ती बसली. तीन दिवस राखलेल्या खुर्चीवर. बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. तिने घड्याळ बघितलं, आणि ते मी जसं बघितलं तसं भाऊंनीही बघितलं.

आणि मग ते काय करतायत ते माझ्या लक्षात आलं. रांग संपेपर्यंत ती बसणार होती. म्हणून भाऊ प्रत्येक मुलाला हळूहळू, थेंबथेंब कोलोन देत होते. नाव विचारत होते, गाव विचारत होते, आजीचं नाव, आजीच्या गावात जर्दाळू होतात का, ते विचारत होते. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा माणूस! मधून मधून मान न वळवता नीलगूनला विचारायचे, मुलाचा कान कसा आहे, धाकटी शाळेत जाते का. ती सांगायची. तिने एकदा त्यांच्या कॉलरला लागलेला धागा काढला. रांग मात्र पुढे सरकत होती, आणि मागे आता पाच-सहाच मुलं उरली होती.

मी काय करणार? मी पोळीवाली. मी तलावाकडे धावले, या वयात, या गुडघ्यांनी, आणि जेवढी मुलं पाण्यात दिसली तेवढ्यांना ओरडून सांगितलं, आजोबा दुसऱ्यांदा गोळ्या वाटतायत, पळा! सगळा तलाव रिकामा झाला. आया मागून ओरडत होत्या, मी कुणाचं ऐकलं नाही. गोर्केमसाहेब म्हणाले, हमदियेताई, लॉबीत केवढं पाणी झालंय. मी म्हटलं, साहेब, पुसते मी, तुम्ही गोळ्या आणा.

भाऊंनी ती ओली रांग बघितली, मग काचेतून माझ्याकडे बघितलं. पुढच्या मुलाला विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय रे.

पण टॅक्सी ती टॅक्सी. हॉर्न पुन्हा वाजला, आणि फोनही वाजायला लागला, घसरगुंड्या बंद व्हायची वेळ झाली होती, मुलं आई कुठे म्हणून रडत होती. नीलगून उठली. भाऊही उठले, रांग अर्धी तशीच टाकून. वर गेले, उशांवरच्या त्या दोन पुड्या घेऊन आले, तिच्या हातात दिल्या. तिने पुन्हा हात कपाळाला लावला आणि या वेळी जरा जास्त वेळ धरून ठेवला. पुढच्या वर्षी नक्की, बाबा, म्हणाली. ते म्हणाले, हो, हो, मुलं वाट बघत असतील, जा.

ती टॅक्सीत बसली आणि भाऊ काउंटरमागे शिरले. झारी तिथेच होती, त्यांच्यानंतर कुणी हात लावला नव्हता, धूळ बसली होती. भरून धावत आले. टॅक्सी निघाली, आणि या माणसाने आयुष्यभर परक्यांच्या मागे ओतलं तसं तिच्या मागे पाणी ओतलं. झारी उलटी करून शेवटचा थेंबही झटकला. त्या उन्हात फरशीवरचं पाणी डोळ्यांदेखत आटत गेलं.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. टॅक्सी फाटकाशी हळू झाली, वळली, गेली. त्यांची नजर आता तिथवर पोचत नाही.

त्यांनी विचारलं, "बघितलं का गं तिनं मागे?"

खोटं बोलायला माझी जीभ कधी अडखळत नाही. विमानाला उशीर झाला म्हणून मीच मान डोलावली होती. पण या गोष्टीत त्यांना फसवणं मला जमेना.

"नाही, भाऊ," मी म्हटलं. "पण दोन्ही हात तोंडाशी धरून बसली होती. कोलोनचा वास घेत होती."

त्यांनी ते ऐकलं आणि झारी काखेत धरली.

"कोलोन फार वेळ टिकत नाही, हमदिये," म्हणाले.

आत मुलं अजून रांगेत उभी होती. ते गेले, गादीवर बसले आणि पुढच्या मुलीपुढे हात केला.